डाळ-तांदूळ घेऊन वरच्या तळ्यावर

आमच्यात मुलगी बघायला मुलाकडचे मुलीच्या घरी येतात. पोहे खातात, गाता येतं का विचारतात आणि “कळवतो” म्हणून निघून जातात. मला मात्र दोन आगगाड्या, डोंगरातली एक छोटी गाडी, एक बस आणि शेवटी एक लाँच असं करत करत सात हजार फुटांवर नेऊन दाखवण्यात आलं. बरोबर एका पिशवीत तुरीची डाळ, आंबेमोहोर तांदूळ, घरचं तूप आणि हिंगाची डबी होती. ह्या प्रवासाची गोष्ट मी घरात आजवर तुकड्यातुकड्यांनी सांगितली आहे, आणि दरवेळी कुणीतरी मध्येच “पण मुलगा चांगला होता ना?” असं विचारून माझं डोकं फिरवलं आहे. म्हणून एकदा सगळी लिहून काढते. लिहिताना मध्ये कुणाला बोलता येत नाही.

एकोणीसशे साठ उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. आम्ही बसवनगुडीत राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कारखान्याच्या हिशेबखात्यात होते. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि दुसऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. भट्ट्यांची उष्णता मोजायची उपकरणं बरोबर दाखवतात की नाही ते तपासायचं काम. सोमवारी हजर व्हा, असं पत्र आलं. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं आणि कानडीत “सरी”, म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले. इतकी वर्षं बेंगळुरात काढल्यावर त्यांचा होकार, नकार आणि कंटाळा तिन्ही ह्या एका शब्दात मावत असत.

त्याच आठवड्यात ते स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, मूळचा आमच्यासारखाच धारवाडकडचा, निलगिरीत उटीच्याही पुढे एका धरणाच्या कामावर. वडील नव्हते, आई त्याच्याजवळ राहत होती. मुलाला पावसाळ्यापर्यंत रजा मिळणार नव्हती आणि त्याच्या आईला तोवर थांबायचं नव्हतं. तिनं लिहिलं होतं: तुम्हीच मुलीला घेऊन या, तिच्या हातचं वरण-भात खाऊ, दुसरं आम्हाला काही बघायचं नाही.

आईला हे अजिबात पटलं नव्हतं. “मुलीला घेऊन त्यांच्या दारात जायचं? ती काय बाजारात न्यायची वस्तू आहे?”

“स्वल्प लांब आहे, एवढंच,” अण्णा म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता त्यांनी निकाल दिला. “जमलं तर नोकरी नको. तिथे डोंगरात कसली नोकरी? नाही जमलं, तर सोमवारी जा कामावर.”

म्हणजे माझी नोकरी एका अनोळखी माणसाच्या पसंतीवर येऊन अडकली. नकार मिळावा म्हणून एवढ्या लांब निघालेली मी बहुधा एकटीच मुलगी असेन. पण मुद्दाम स्वयंपाक बिघडवायचा, तिरळं बघायचं, असले चाळे मला करायचे नव्हते. मी सगळं नीट करणार होते आणि तरीही नकार मिळवणार होते. तो कसा मिळवायचा हे काही ठरलं नव्हतं. तेव्हा माझा स्वभाव असाच होता. आधी मान ताठ करायची आणि मग वाट शोधायची. आताही फारसा बदललेला नाही.

बुधवारी संध्याकाळी निघालो, वाटेत जोलारपेट्टला गाडी बदलली आणि गुरुवारी सकाळी मेट्टुपाळ्यमला उतरलो. तिथे पलीकडच्या फलाटावर ती डोंगरातली निळी गाडी उभी होती. आता आमच्या घरची मुलं बेंगळुरातल्या कोरमंगलाहून मोटार काढतात आणि दुपारच्या जेवणाला उटीत असतात. वाटेत काय लागलं विचारलं तर एका हॉटेलचं नाव सांगतात. आम्ही ती चढण इंचाइंचानं चढलो, त्यामुळे मला ती अजून तोंडपाठ आहे.

इंजिन मागे जोडलेलं होतं. ते गाडीला पुढून ओढत नव्हतं, मागून वर ढकलत होतं. रुळांच्या मधोमध दात्यांची एक लोखंडी पट्टी बसवलेली होती आणि इंजिनाचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकत अडकत चढत होतं. मी उतरून वाकून ते बघून आले. अण्णा म्हणाले, “साडी काळी करून घेऊ नकोस, तीच उद्या नेसायची आहे.” प्रत्येक डब्याच्या पुढच्या टोकाला उघड्यावर एक माणूस ब्रेकचं चाक धरून उभा होता आणि त्याच्या हातात लाल-हिरवी निशाणं होती. चढ इतका उभा की पायी चालणारा माणूस गाडीला मागे टाकील. मध्येच गाडी पाणी प्यायला थांबे, सगळे उतरत, चहा घेत, इंजिनाभोवती उभे राहून त्याचं पाणी पिणं बघत आणि पुन्हा चढून बसत.

आई आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढत होती. सुरुवातीला तिनं डोळे मिटून घेतले होते, आणि डाळ-तांदळाची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. एका बोगद्यातून गाडी बाहेर आली तर खिडकीतून ढग सरळ आत आला. डब्यात धुरकट, गार, ओलसर असं काहीतरी पसरलं. आईनं डोळे उघडले, हात बाहेर काढला, ओला झालेला तळवा स्वतःच्या गालाला लावला आणि हसली. मोठ्यानं हसली. आमच्या घरात ती असं कधी हसत नसे. अण्णांनी वर्तमानपत्र खाली घेऊन तिच्याकडे पाहिलं, तशी ती लगेच सावरून बसली. मला त्या क्षणी अण्णांचा राग आला, खरं तर त्यांनी काहीच केलं नव्हतं.

कुन्नूरला इंजिन बदललं. उटी जवळ येता येता रुळांच्या कडेला तळं दिसायला लागलं. लांबच लांब, वळणावळणाचं, वर पातळ धुकं आणि काठाला निलगिरीची झाडं. गाडी तळ्याच्या कडेनं चालली आणि डब्यातले सगळे एका बाजूच्या खिडक्यांना चिकटले. त्या तळ्यात होड्या होत्या आणि एका होडीत दोन बायका स्वतः वल्ही मारत होत्या. मी आईला दाखवलं. ती म्हणाली, “थंडीत हात कसे गारठले असतील त्यांचे.” पण ती त्या होडीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

रात्र एका धर्मशाळेत काढून शुक्रवारी सकाळी बस धरली. उटीच्या पुढचा तो प्रदेश वेगळाच होता. गवताचे गोल डोंगर, त्यांच्या खोलगटात काळसर झाडी, आणि एका डोंगराला वळसा घातला की एक तळं, दुसऱ्याला घातला की दुसरं. काही जुनी होती, काही नुकत्याच अडवलेल्या पाण्याची. शेवटच्या तळ्यापाशी रस्ताच संपला. पलीकडच्या काठावर धरणावरच्या लोकांची घरं होती आणि तिकडचा रस्ता अजून व्हायचा होता. सकाळी एकदा आणि दुपारी तीनला एकदा कामावरची लाँच ये-जा करी. तीच चुकली तर काठावर बसून राहायचं.

लाँच चालवणारा घोंगडी पांघरून बसला होता. पाणी काळं आणि स्तब्ध होतं. बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे जागोजाग पाण्याबाहेर आले होते आणि लाँच त्यांच्यामधून वाट काढत होती. मी पुढच्या टोकाला बसले. वारा तोंडावर येत होता, नाक लाल झालं असणार. अण्णांनी हाक मारली, “आत बस, तोंड काळवंडेल.” मी तिथेच बसले. जे तोंड दाखवायला न्यायचं होतं ते माझंच होतं, तेव्हा ते कुठे ठेवायचं हेही मीच ठरवणार होते. असली फुटकळ बंडं मी त्या काळात दिवसाला चार-पाच करत असे आणि त्यांचा कुणालाही काडीचा त्रास होत नसे.

मुलगा घ्यायला काठावर आला होता. उंच, सावळा, स्वेटर घातलेला, बोलण्यात नम्र. त्यानं आईच्या हातातली पिशवी घेतली आणि निसरड्या चढावर तीनदा मागे वळून “सावकाश या” म्हणाला. खोटं कशाला सांगू, मला तो आवडला. ह्या माणसाचा नकार हवा आहे हे मला स्वतःला पुन्हा एकदा बजावून सांगावं लागलं.

त्याची आई दारात उभी होती. ठेंगणी, पांढरं लुगडं, त्यावर मुलाचाच असावा असा तपकिरी स्वेटर. तिनं पाणी दिलं, चहा दिला, प्रवासाची विचारपूस केली. मग मला म्हणाली, “स्वयंपाकघर इकडे आहे. शेगडी पेटवून ठेवली आहे. साधं वरण-भात, एक भाजी कर. डाळ तुम्ही आणली आहेच म्हणे.”

“हो, घरचीच आणली,” आई म्हणाली. “उगाच तुम्हाला त्रास नको.”

साडेदहाला मी डाळ शिजत ठेवली. डाळ शिजवण्यात आहे काय? धुतली, पाणी घातलं, हळद घातली, हिंग घातला, वर झाकणी ठेवली. पाणी पटकन उकळलं. मला बरंच वाटलं. भाजी झाली. साडेअकराला झाकणी काढली तर डाळीचा दाणा न् दाणा वेगळा. गरम पाणी घातलं, निखारे फुंकले. बाराला पुन्हा बघितलं. डाळ तशीच, पाण्यात उड्या मारतेय. भातही कणी धरून बसलेला. आई शेजारी येऊन बसली आणि हलक्या आवाजात दुकानदाराला शिव्या द्यायला लागली. “मेल्यानं जुनी डाळ दिली. मी म्हटलं होतं, नवी दे, लांब न्यायची आहे.” मी फुंकत होते. डोळे चुरचुरत होते. पळीनं डाळ पातेल्याच्या कडेला दाबून दाबून चिरडत होते. मुलाची आई मध्येच येऊन दारातून बघून गेली.

साडेबाराला तिनं पानं घेतली. अण्णा आणि मुलगा जेवायला बसले. मी वाढलं. ते वरण नव्हतंच, हळदीच्या पाण्यात बसलेली डाळ होती. अण्णांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा जबडा मध्येच थांबला. आई दाराआडून म्हणाली, “डाळच जुनी निघाली हो. एरवी तिचा हात चांगला आहे.” मुलाची आई म्हणाली, “असू दे.” आई पुन्हा म्हणाली, “माफ करा हं, पहिल्यांदाच आलो आणि असं झालं.” आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा. मुलगा खाली मान घालून जेवत होता. भात संपला, तसा त्यानं मान वर केली आणि मला म्हणाला, “थोडं वरण वाढा आणखी.”

त्यानं ते दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं वरणही चावून चावून संपवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, कोण कुणासाठी एवढं करतं? नोकरीचं काय ते पुढे बघू, हा माणूस लाखात एक आहे. हे मी इथे स्वच्छ कबूल करते, कारण पुढचं सगळं समजायला ते लागेल.

बायकांची पानं मांडायची म्हणून मी ताटं काढायला फडताळ उघडलं. खालच्या कप्प्यात ताटं होती. वरच्या कप्प्यात, एका जुन्या पंच्याखाली, प्रेशर कुकर होता. पंच्यानं तो नीट झाकला गेला नव्हता. झाकण उलटं ठेवलेलं, त्यात रबराची रिंग, आणि रिंगेवर अजून पाण्याचे थेंब. तेव्हा कुकर नुकते निघाले होते, घरोघरी झाले नव्हते. आमच्या बसवनगुडीत शेजारच्या अक्कांकडे एक होता आणि त्याची शिट्टी झाली की आई देवाचं नाव घेई. हा कुकर सकाळी वापरून, धुऊन, मग लपवून ठेवलेला होता.

आणि तेव्हा, हातात ताटं घेऊन उभी असताना, मला सगळं आठवलं. उंच जागी हवेचा दाब कमी असतो. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. कितीही जाळ केला तरी त्याच्या वर तापत नाही, नुसतं वाफ होऊन उडतं. म्हणून तर ते पटकन उकळलं होतं. हा प्रयोग मी कॉलेजात केला होता. पाणी किती अंशांना उकळतं त्यावरून डोंगराची उंची काढायचं गणित परीक्षेत सोडवून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आणि सोमवारपासून उष्णता मोजण्याच्याच नोकरीवर जाणारी मी दोन तास शेगडीपुढे बसून निखारे फुंकत होते. कॉलेज आणि स्वयंपाकघर ह्यांच्यामधलं दार माझ्या डोक्यात कुणी उघडलंच नव्हतं, आणि मलाही ते उघडावंसं वाटलं नव्हतं. त्या बाईपेक्षा आधी मला माझाच संताप आला.

मी वळले. मुलाची आई माझ्याकडेच बघत होती. मी कुकर पाहिला हे तिनं पाहिलं होतं. तिनं नजर खाली घेतली नाही.

शब्द ओठांवर होते. पण शेगडीजवळ आई बसली होती, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत, चौथ्यांदा त्या दुकानदाराबद्दल सांगत. तिच्यासमोर हे फोडलं असतं तर ती तिथेच लाजेनं मेली असती, असं मला वाटलं. मी तोंड मिटलं. ताटं मांडली. कच्ची डाळ वाढून घेतली आणि खाल्ली.

जेवणं झाल्यावर मुलाची आई बाहेरच्या खोलीत आली आणि अण्णांसमोर बसली.

“मुलगी पसंत आहे,” ती म्हणाली. “स्वयंपाक शिकेल. मला बघायचं होतं ते मी बघितलं. डाळ शिजली नाही, पण आदळआपट नाही, उलट उत्तर नाही, तोंडातून अवाक्षर नाही. अशी गप्प मुलगी हल्ली मिळत नाही.”

अण्णांचा जीव भांड्यात पडला. “तिला नोकरीचं पत्र आलंय, पण त्यांना कळवून टाकू,” ते म्हणाले. “मग सुपारी कधी फोडायची?”

“पुढच्या महिन्यात,” ती म्हणाली. “नोकरीचा तर प्रश्नच नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आयुष्यात मी एकदा, फक्त एकदा, आईसाठी गप्प बसले होते आणि त्याच गप्प बसण्यावर मी पास झाले होते. सगळं नीट करून नकार मिळवायचा म्हणत होते. सगळं बिघडवून होकार मिळाला.

तीनच्या लाँचला तो आम्हाला पोचवायला आला. अण्णा आणि आई पुढच्या बाकावर बसले. तो माझ्या बाकावर, मध्ये पिशवी ठेवण्याएवढी जागा सोडून बसला. अण्णांनी मुद्दाम पाठ फिरवून घेतली. लाँच सुटली, काठ मागे पडला. दुपारच्या उन्हात पाणी आता हिरवं दिसत होतं.

“तुम्ही फारच गप्प होता आज,” तो म्हणाला.

“तुमच्या घरी कुकर आहे,” मी म्हटलं.

तो पाण्याकडे बघायला लागला. “आहे. इथे त्याच्याशिवाय डाळ शिजत नाही. मीच आणला कोइमतूरहून.”

“मग आज तो पंच्याखाली का होता?”

“आईनं ठेवला सकाळी. म्हणाली, मुलगी बघायची तर अशी बघू, खरा स्वभाव कळतो.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“मी म्हटलं होतं तिला, कशाला म्हणून,” तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. “पण तिच्यापुढे काय बोलणार? तिनं फार सोसलंय माझ्यासाठी. म्हणून तर मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

तो खरं बोलत होता. त्याला खरंच मला वाईट वाटू द्यायचं नव्हतं. आणि मला पुढची चाळीस वर्षं समोर दिसली. मी कच्ची डाळ वाढत राहणार, हा दोनदा घेऊन खात राहणार, आणि कुकर फडताळातच राहणार. सासूशी मी भांडले असते, भांडण मला जमतं. पण ह्या चांगुलपणाशी कसं भांडायचं ते मला कळेना.

मी उठून उभी राहिले. लाँचमध्ये उभं राहायचं नसतं. ती एका बाजूला कलली आणि घोंगडीवाला तमिळमधून काहीतरी ओरडला.

“खाली बस,” अण्णा म्हणाले.

“बसते. पण मला हे लग्न करायचं नाही.”

अण्णांनी आधी माझ्याकडे, मग मुलाकडे पाहिलं आणि कसंनुसं हसले. “दमली आहे हो. उंचीचा त्रास होतो एकेकाला.”

“उंचीचा त्रास मला नाही झाला,” मी म्हटलं. “डाळीला झाला.” आणि मग मी सगळं सांगितलं. कुकर, पंचा, ओली रिंग, सगळं. भर तळ्यात, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून. घोंगडीवाल्याला मराठी येत नव्हतं, पण त्यानं लाँचचा वेग कमी केला. त्याला ऐकायचं असावं.

“मी शब्द दिलाय,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही दिलाय. मला कुणी मागितलाच नाही.”

आई इतका वेळ माझ्याकडे बघत नव्हती. ती मुलाकडे बघत होती. “खरं का हो हे?” तिनं विचारलं. “सकाळी झाकून ठेवला होता?”

त्यानं होकारार्थी मान हलवली.

“मी चार वेळा माफी मागितली,” आई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि तळ्याकडे तोंड करून बसली.

काठावर उतरल्यावर त्यानं आमचं सामान बसमध्ये चढवलं. मी शेवटची चढत होते तेव्हा तो जवळ आला. “मी आईला सांगतो, मलाच पसंत नाही म्हणून. तुमच्यावर बोल यायला नको.”

मला अजूनही वाटतं, हे तो मनापासूनच म्हणाला. पण त्यानं माझा नकार, ही माझी एवढी एक गोष्टही उचलून स्वतःच्या खिशात घातली असती.

“नको,” मी म्हटलं. “मी नाही म्हटलं, असंच सांगा. आणि का म्हटलं तेही सांगा.”

त्यानं ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नसेल.

अण्णा त्या रात्री धर्मशाळेत जेवले नाहीत. शनिवारी दुपारी गाडीत बसल्यावर ते समोरच्या खिडकीकडे तोंड वळवून बसले. उतरताना इंजिन खालच्या बाजूला असतं आणि सगळ्या डब्यांचा भार अंगावर घेत, दात्यांना धरत धरत ते खाली येतं. ब्रेकवाले निशाणं हलवत एकमेकांना खुणा करत होते. दरी डाव्या हाताला उघडत होती. मला रडू येत नव्हतं आणि पश्चात्तापही होत नव्हता. भीती मात्र वाटत होती. नोकरीचं पत्र घरी अण्णांच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला होती.

कुन्नूर मागे पडल्यावर अण्णा बोलले, खिडकीतून बाहेर बघतच. “चार लोकांत आता काय सांगायचं मी? मुलीला डोंगरावर घेऊन गेलो आणि मुलीनंच मुलाला नाकारलं, असं?”

“हो, असंच,” मी म्हटलं.

“लोक हसतील.”

“हसू देत.”

“आणि पुन्हा स्थळ येईल असं वाटतं तुला? असं वागल्यावर?” त्यांचा आवाज चढला. पलीकडचं एक कुटुंब आमच्याकडे बघायला लागलं. “सोमवारी कामावर जायचं वगैरे डोक्यातून काढून टाक. घरात बस महिनाभर. शांत झालीस की बघू.”

“मी सोमवारी जाणार,” मी म्हटलं. “पत्र नाही दिलंत तर पत्राशिवाय जाईन. दारात उभी राहीन. माझं नाव त्यांच्याकडे लिहिलेलं आहे.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते आईकडे वळले. घरातल्या प्रत्येक वादात शेवटी ते आईकडे वळत, आणि प्रत्येक वेळी आई म्हणे, ते म्हणतात तसं कर. ती तसं म्हणणार हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी सीटची कड घट्ट धरून बसले.

आईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. पदर नीट केला. अण्णांकडे न बघता, त्यांना आणि पलीकडच्या त्या कुटुंबालाही ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं मला विचारलं, “सोमवारी डबा किती वाजता लागेल तुला?”

“साडेसहाला,” मी म्हटलं.